खाते, पाहणी आणि फोडी : बंगळूरच्या घरखरेदीच्या कागदपत्रांतील मराठी

बंगळूर शहराच्या मालकीचा एक जुना व्यवहार इतिहासग्रंथांत बहुधा एकदोन वाक्यांत आटोपला जातो. शहाजीराजांचे पुत्र एकोजी तंजावरला स्थिरावल्यानंतर वडिलांची ही दूरची जहागीर सांभाळणे त्यांना अवघड होऊ लागले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांना ती तीन लाख रुपयांस देऊन टाकण्याची बोलणी सुरू झाली. ती पुरी होण्यापूर्वीच, १६८७ च्या जुलैमध्ये, औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने शहर ताब्यात घेतले आणि त्याच रकमेस त्याच ग्राहकाच्या हवाली केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सने ही हकिकत नोंदवल्यापासून ती पुढच्या बहुतेक लेखकांनी उचलली. या देण्याला विक्री म्हणावे की मक्ता, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. बोलणी एकाशी, ताबा दुसऱ्याकडे, आणि मूळ हक्क विजापूरच्या ज्या दरबाराकडून आलेला तो दरबार आदल्याच वर्षी बुडालेला : आजचा वकील असा दस्त पाहून ‘हक्क निर्वेध नाही’ असाच अभिप्राय देईल.

हा प्रसंग येथे गंमत म्हणून सांगितलेला नाही. बंगळूरमध्ये घर घेणाऱ्याच्या हाती जी कागदपत्रे पडतात त्यांच्यातील शब्दांचा मोठा भाग सतराव्या शतकातील त्या जहागिरीने आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीने तेथे आणून ठेवलेला आहे. साहित्याच्या तौलनिक अभ्यासात मराठी-कन्नड अनुबंधाचा विचार बहुधा पंढरपूरचा विठ्ठल, संतकविता, यक्षगान आणि संगीत नाटक या वाटांनी होतो. महसुली दप्तर हेही या अनुबंधाचे एक क्षेत्र आहे, आणि दोन्ही भाषांतील सामान्य माणसाच्या आयुष्याशी त्याचा संबंध अधिक निकटचा आहे. शब्द तोच, पण अर्थ सरकलेला, अशी स्थिती काव्यात आली तर ती रसिकतेचा विषय होते. खरेदीखतात आली तर तिच्यावर एखाद्या कुटुंबाची आयुष्याची पुंजी अवलंबून असते.

१६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेबरोबर आलेल्या शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली आणि पुढे होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हे भागही तिच्यात मोडू लागले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याने रचलेला ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. अनेक भाषांतील पद्यरचना एकत्र आणणारा हा ग्रंथ बंगळूरच्या बहुभाषिक दरबाराचा पुरावा म्हणून वारंवार उद्धृत होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु चंपूचे वाचक दरबाराबरोबर पांगले. टिकली ती त्याच दरबाराच्या कारकुनांची भाषा. परगणा, संमत, तर्फ, मौजे, मजरे ही विभागणी आणि देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही पदे शिरे प्रांतात याच काळात रुजल्याचे बी. एल. राइस यांनी आपल्या गॅझेटियरमध्ये नोंदवले आहे. तंजावरच्या मराठ्यांनी नाटके, कोश, ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा प्रदीर्घ शिलालेख मागे ठेवला. बंगळूरच्या मराठी राजवटीने मराठी साहित्य म्हणावे असे फारसे काही ठेवले नाही; तिचे शब्द मात्र कन्नड दप्तरात राहिले.

त्या राजवटीतील जमिनीच्या व्यवहाराचा एक दगडी कागद आजही मल्लेश्वरममध्ये आहे. काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळचा १६६९ चा शिलालेख एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला दिल्याचे सांगतो. लेख कन्नडमध्ये आहे. देणारा मराठा, घेणारा देव, भाषा प्रजेची. दानाची भाषा स्थानिक आणि हिशेबाची भाषा मराठी किंवा फारसी, ही वाटणी पुढे बराच काळ टिकलेली दिसते. चिक्कदेवराजांची ‘अठरा कचेरी’, टिपूच्या काळात हिशेबात फारसीला मिळालेले प्राधान्य, १७९९ नंतर दिवाण पूर्णय्यांच्या कारभारात मराठीने पुन्हा घेतलेली जागा आणि शेवटी कमिशनर मार्क कबन (१८३४-१८६१) यांच्या कारकिर्दीत मराठी मागे सरून कन्नडला मिळालेले स्थान, असा हा प्रवास आहे. भाषा गेली, पारिभाषिक शब्द राहिले. १८६८ मध्ये पुरी झालेली उच्च न्यायालयाची लाल इमारत आजही लोकांच्या तोंडी ‘अठार कचेरी’ आहे.

गावपातळीवर हा हिशेब ज्यावर लिहिला जाई ते साधन पाहण्यासारखे होते. विल्क्सने वर्णिलेले ‘कडत’ म्हणजे कापडाची लांब पट्टी. तिच्यावर खळ आणि कोळशाची पूड चढवून ती काळी करीत, घड्या घालून पुस्तकासारखी मिटवीत आणि मऊ दगडाच्या ‘बळप’ या लेखणीने तिच्यावर लिहीत. लिहिलेले पुसता येई आणि त्याच जागी नवे लिहिता येई. शानभोग म्हणजे तिकडचा कुलकर्णी. त्याच्या कडतातील नोंद हा चालू हिशेब होता. यंदा जमीन कोण कसतो आणि सारा कोणाकडून यायचा, एवढेच तिला सांगायचे असे. जमीन कोणाची, या प्रश्नाचे कायमचे उत्तर देणे हे तिचे काम नव्हते. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

मराठी शब्दांचा दुसरा थर मोजणीबरोबर आला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात सुरू केलेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने नियमबद्ध झालेली मुंबई पद्धती १८६३ पासून म्हैसूर संस्थानात लागू होऊ लागली. म्हैसूरचा १८८८ चा जमीनमहसूल कायदाही मुंबईच्या १८७९ च्या कायद्याच्या वळणाचा होता. त्यामुळे इंदापूरच्या शेतात घडलेली परिभाषा बंगळूरच्या रागी पिकवणाऱ्या शेतांवर येऊन बसली. आणि त्या शेतांवर पुढे इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ती त्यांच्या कागदांत शिरली. आज वर्तूर किंवा बेगूर होबळीतील सदनिका घेणाऱ्याकडे वकील मूळ दस्त, मधल्या विक्रींची साखळी, ऋणभारपत्र, कराच्या पावत्या आणि मंजूर नकाशा तर मागतोच. शिवाय जमीन पूर्वी शेतीची असेल तर पहणी, आकारबंद, टिप्पणी, पोडीचा नकाशा आणि खराबाचा तपशीलही मागतो. पुण्याहून नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला ही यादी ऐकून आपल्याच तलाठी कार्यालयात बसल्यासारखे वाटावे. धोका तेथूनच सुरू होतो.

‘पाहणी’ ही मराठीत क्रिया आहे. तलाठी शेतावर जाऊन पीक पाहत असे, त्याची नोंद गाव नमुना बारामध्ये करीत असे. कन्नडमध्ये ‘पहणी’ हे कागदाचेच नाव झाले : हक्क, कूळ आणि पीक यांचा जो उतारा, तो पहणी. पाहण्याची कृती गळून गेली आणि पाहिल्याचा दाखला उरला. २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात हे उतारे संगणकावर गेले आणि हस्तलिखित पहणी बाद झाली, तेव्हा या अर्थांतराला जणू शासकीय मुद्रा मिळाली. जुन्या मुंबई राज्यातून कर्नाटकात गेलेल्या बेळगाव-धारवाडकडे याच कागदाला लोक ‘उतार’ म्हणतात, म्हणजे मराठीतला उतारा. तिकडे हा उतारा कोणत्या भाषेत मिळावा हा राजकीय वादाचा विषय आहे. बंगळूरमध्ये तसा वाद नाही, कारण हे शब्द मराठी आहेत याची आठवणच तेथे नाही.

‘पोडी’ हे आपल्या फोडीचे रूप. महाप्राण गेला, अर्थ राहिला : एका सर्व्हे नंबराचे मोजून केलेले तुकडे. ‘दरखास्त पोडी’, ‘दुरस्ती’ हे शब्दप्रयोग मोडी कागद वाचणाऱ्यांना परके वाटणार नाहीत. वाटण्या तोंडी झाल्या आणि फोड कागदावर झाली नाही, तर एकाच नंबरात अनेक मालक राहतात आणि कोणाचा तुकडा कोठे हे कोणीच सांगू शकत नाही. राज्य शासनाला ‘पोडीमुक्त ग्राम’ नावाची मोहीम काढावी लागली, यावरून या अडचणीचा आवाका कळतो.

काही शब्दांनी तर परस्परांच्या जागा बदलल्या आहेत. मराठीत ‘इलाखा’ म्हणजे प्रांत. मुंबई इलाखा गेल्यावर तो शब्दही इतिहासजमा झाला. कन्नडमध्ये ‘इलाखे’ म्हणजे शासनाचा विभाग. आपण ज्याला महसूल खाते म्हणतो ते तेथे ‘कंदाय इलाखे’. उलट ‘खाते’ या शब्दाने तेथे विभागाचा अर्थ घेतला नाही, तो घराला जाऊन चिकटला. ‘रुजू’ होणे म्हणजे आपल्याकडे कामावर हजर होणे आणि ‘रुजुवात’ म्हणजे ताळा पाहणे. कन्नडमध्ये ‘रुजु’ म्हणजे सही आणि ‘रुजुवातु’ म्हणजे पुरावा. ‘महजर’ हा शब्द मराठी वाचकाला आता वतनाच्या तंट्यांविषयीच्या जुन्या कागदांतच भेटतो, व्यवहारात त्याची जागा पंचनाम्याने घेतली. बंगळूरच्या कोणत्याही गावाधिकाऱ्याच्या टेबलावर मात्र स्थळाचा ‘महजर’ रोज लिहिला जातो आणि शेजारपाजारच्यांच्या सह्या घेऊन पुरा होतो. शिवकालीन संस्था आपल्याकडे संशोधनाचा विषय झाली आणि तेथे चालू राहिली. ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा जो यत्न केला त्याच्या यशापयशाची चर्चा करताना हा पुरावा विचारात घेतला गेलेला नाही.

आता ‘खाते’. मराठी महसूल व्यवस्थेत खाते माणसाचे असते. गाव नमुना आठ-अ उघडला की खातेदाराचे नाव आणि त्याच्या नावावरील सगळ्या जमिनी दिसतात. बंगळूरमध्ये खाते मिळकतीचे असते. महापालिकेच्या कर-नोंदवहीत त्या मिळकतीला दिलेले पान म्हणजे ‘खाता’, आणि विक्री झाली की त्या पानावरचे नाव बदलते. या नोंदीचा दाखला वेगळा आणि उतारा वेगळा. कर कोणी भरायचा एवढेच त्या नोंदीने ठरते. ती मालकीचा पुरावा नाही, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. तरीही शहरात कोणालाही विचारा, ‘खाता आहे ना?’ या प्रश्नाचा अर्थ ‘घर नक्की त्याचेच ना?’ असा असतो. कडतातील पुसता येण्याजोगी नोंद लोकांच्या मनात ताम्रपट होऊन बसली आहे.

हा समज अज्ञानातून आला असे म्हणून भागणार नाही. भारतात मालकीची हमी देणारा कागद अस्तित्वातच नाही. १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो, हक्काची नाही. तमिळनाडूच्या एका नियमासंबंधी २०२५ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले : विकणाऱ्याचा हक्क तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नव्हे. ऋणभारपत्रात नोंदलेलेच व्यवहार दिसतात. तोंडी वाटणी किंवा न नोंदलेले मृत्युपत्र त्यात येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८ मध्ये शासन स्वतः हक्काची हमी देणारी पद्धत सुरू झाली. तशीच ती येथे आणावी अशी शिफारस पुण्याच्या गोखले संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी १९८९ च्या अहवालात केली होती. ती अमलात आलेली नाही. हमीचा कागद नसेल तर लोक जो कागद सरकारी शिक्क्याचा आणि आपल्या नावाचा आहे त्यालाच हमी मानणार.

२००७ मध्ये बृहत् बंगळूर महानगर पालिका झाली आणि आसपासच्या नगरपालिकांबरोबर ११० गावे शहरात आली. या गावांतील शेतजमिनीवर अकृषिक परवानगी न घेता पाडलेल्या भूखंडांवर हजारो घरे उभी होती. कर तर घ्यायचा, पण बांधकाम मान्य केल्यासारखे दिसू द्यायचे नाही, यातून दुसरी नोंदवही निघाली. तिच्यातील नोंदीला लोक ‘बी-खाता’ म्हणू लागले, आणि मग पहिलीला ‘ए-खाता’ हे नाव आपोआपच आले. जात, पत आणि कर्ज मिळण्याची शक्यता एका इंग्रजी अक्षरावर येऊन ठेपली. अशी बांधकामे नियमित करण्याच्या योजनेला कन्नडमध्ये ‘अक्रम-सक्रम’ असे यमकयुक्त नाव मिळाले. ती योजना न्यायालयात अडकली. शब्द संस्कृत, आशय मात्र त्या जुन्या फेरफारांचाच : चालू स्थिती मान्य करा आणि सारा बसवा.

‘खराब’ या शब्दाने केलेली हानी याहून मोठी आहे. मोजणीत जी जमीन लागवडीला निरुपयोगी ती पोटखराबा, तिला आकार नाही. नियमांत तिचे दोन वर्ग : पहिला, खडकाळ किंवा तत्सम, सर्व्हे नंबराच्या मालकाकडेच राहणारा, दुसरा, रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेला. महाराष्ट्रात हे वर्ग ‘अ’ आणि ‘ब’, कर्नाटकात ‘ए’ आणि ‘बी’, व्यवस्था एकच. शेत होते तोवर या फरकाने कोणाचे फार अडत नव्हते. बंगळूरची तळी एकमेकांना जोडणारे ‘राजकालुवे’, म्हणजे पाण्याचे मोठे पाट, याच दुसऱ्या वर्गात मोडतात. आणि शहर पसरले तसे त्यांच्यावर भूखंड पडले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये या पाटांवरील बांधकामे पाडण्याची मोहीम निघाली तेव्हा घरे गमावणाऱ्यांत अशी कुटुंबे होती की ज्यांच्याकडे नोंदलेले खरेदीखत, खाते, कराच्या पावत्या आणि बँकेचे कर्ज, सगळे होते. त्यांनी जे कागद पाहिले ते खोटेच होते असे नाही. गावच्या जुन्या नकाशावरची पाटाची रेघ आणि आकारबंदातला ‘खराब’ हा रकाना त्यांना कोणी वाचून दाखवला नव्हता. ‘खराब’ म्हणजे वाईट, एवढाच त्याचा अर्थ घरी बोलल्या जाणाऱ्या मराठीत, हिंदीत वा उर्दूत त्यांना माहीत असणार. दप्तरात तो कधी कधी ‘सर्वांचे’ असाही असतो.

खरेदीखताच्या मायन्याकडे वळले की वेगळे चित्र दिसते. येथे मराठी आणि कन्नड यांच्यात उसनवारी नाही, समान वारसा आहे. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’ या मराठी साच्याला कन्नडमध्ये ‘बरेसि कोट्ट शुद्ध क्रयपत्रद क्रमवेनेंदरे’ हा साचा समांतर आहे. फरक इतकाच की कन्नड क्रियापद प्रयोजक आहे, ‘लिहवून दिलेले’. लिहिणारा वेगळा आहे याची कबुली त्या रूपातच येते, आणि दस्ताच्या शेवटी ‘बिक्कलम’ म्हणून त्याची सही होते. मराठीतले ‘बकलम’ ते हेच. चतुःसीमेला तेथे ‘चक्कुबंदी’ म्हणतात. आणि मिळकतीबरोबर काय काय दिले याची यादी आली की दोन्हीकडचे दस्तलेखक एकाच सुरात म्हणू लागतात : जल, तरू, पाषाण, निधी, निक्षेप. विजयनगरच्या शिलालेखांतील अष्टभोग आणि मराठी इनामपत्रांतील ‘जल तरू तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेप’ ही मालिका दहाव्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकेलाही लावली जाते. तेथे ना झाड, ना दगड, ना पुरलेले धन. हे हास्यास्पद वाटते खरे. पण घेणारा माणूस दस्ताची हीच ओळ लक्ष देऊन ऐकतो, कारण संपूर्ण मालकी कशी असते याचे एवढेच मूर्त वर्णन त्या सगळ्या कागदांत असते.

वारसांच्या नोंदीसाठी लागणाऱ्या वंशावळीला कर्नाटकात ‘वंशवृक्ष’ म्हणतात. एस. एल. भैरप्पा यांची १९६५ ची कादंबरी उमा कुलकर्णी यांच्या अनुवादातून मराठीत आली तेव्हा ‘वंशवृक्ष’ हे शीर्षक तसेच राहिले. दुसरे असणे शक्यही नव्हते. परंतु कन्नड वाचकाला त्या शब्दाबरोबर शिक्क्याचा कागदही आठवतो. मराठी वाचकाला केवळ रूपक दिसते. कुळाच्या शुद्धतेचा प्रश्न मांडणाऱ्या त्या कादंबरीच्या नावात, वारस कोण हे गावाधिकाऱ्याकडून लिहून घेण्याचा व्यवहार दडलेला आहे, ही छटा अनुवादात पोचत नाही, आणि त्यात अनुवादकाचा दोष नाही. बंगळूरच्या भोवतालच्या गावांत बहिणींचे नाव न घालता केलेला वंशवृक्ष हे मिळकतीच्या दाव्यांचे एक नित्याचे कारण आहे.

२०२४ पासून बंगळूरमधील मिळकतीच्या विक्रीची नोंद करण्यासाठी संगणकीय ‘ई-खाता’ आवश्यक करण्यात आला. २०२५ मध्ये जुनी महापालिका जाऊन तिच्या जागी ग्रेटर बंगळूर प्राधिकरण आणि पाच नव्या महापालिका आल्या, आणि त्याच वर्षी बी-खात्याचे ए-खात्यात रूपांतर करण्याची योजनाही निघाली. खाते ही केवळ कराची नोंद, हे न्यायालयांचे म्हणणे कायम आहे. मात्र त्या नोंदीवाचून आता खरेदीखत नोंदता येत नाही. पूर्वी खरेदीखत आधी होई आणि त्याच्या आधारे खात्यावर नाव चढे. आता विकणाऱ्याच्या नावाचे खाते आधी संगणकात दिसावे लागते, मग दस्त. त्यासाठी लोक रांगेत उभे राहून जुने ऋणभारपत्र, कराची पावती, आधार आणि घराचे छायाचित्र देतात. नोंदीत नावाचे एखादे अक्षर चुकले असेल तर ‘तकरारु’ अर्ज करावा लागतो आणि त्यावर अधिकारी आपला ‘षरा’ लिहितो. मराठीत तो शेरा.